पहिल्या तारखेचं पाकीट

त्या दवाखान्यात महिनाअखेरीला बाकं रिकामी असत आणि पहिल्या तारखेला पाय ठेवायला जागा नसे. ही सगळी सिस्टरची करणी.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातली एकुलती एक परिचारिका. वय छप्पन्न, नोकरी सव्वीस वर्षं, आणि आवाज असा की तिने आतून नाव पुकारलं की बाहेरचा पेशंट अर्धा बरा व्हावा. दवाखाना तीन खोल्यांचा. पहिलीत बाकं, तिसरीत डॉक्टर, आणि मधल्या अरुंद खोलीत सिस्टरचं राज्य. तिथं वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर आणि दाराला जाड हिरवा पडदा. पडदा ओढला की आतलं बोलणं बाहेर जात नाही अशी तिची ख्याती होती, आणि ती खरी होती. त्यामुळे मूल न होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या बायका डॉक्टरांना ओलांडून थेट पडद्याआड जात. जुने डॉक्टर स्वभावाने लाजाळू. "ते खातं सिस्टरकडे," असं म्हणून ते मोकळे होत.

सुरुवातीला या बायका कधीही उगवत. कुणी सात तारखेला, कुणी एकोणीसला, कुणी पाकीट संपून आठवडा उलटल्यावर. सिस्टरला अव्यवस्थेचा मनापासून राग. तिच्या स्वयंपाकघरातले डबेसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत उभे असत. तिने नियम केला. पहिल्या तारखेला यायचं, पाकीट न्यायचं, त्याच रात्री पहिली गोळी घ्यायची. मग रोज एक. पाकीट संपलं की थांबायचं आणि पुढच्या पहिल्या तारखेला परत यायचं.

"महिना सुरू, पाकीट सुरू. यात डोकं चालवायचं कामच नाही," ती सांगे.

बायकांना हे फार आवडलं. आईने मुलीला सांगितलं, जावेने जावेला सांगितलं. त्या भागात सिस्टरला 'पहिली तारीख' हेच नाव पडलं. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

तरी अधूनमधून एखादी चेहरा पाडून यायची. गोळ्या चालू असून दिवस राहिले, म्हणायची. सिस्टर चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "विसरली असशील एखाद्या दिवशी." बाई मान खाली घालायची. रोजच्या धबडग्यात एकही दिवस चुकला नाही, असं छातीठोकपणे कोण सांगणार?

एकीनेच सांगितलं होतं. ती शिलाईकाम करणारी. पाच वर्षांपूर्वी, तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा. "सिस्टर, मी विसरले नाही. एकही नाही." सिस्टर म्हणाली, "सगळ्या असंच म्हणतात," आणि पुढच्या बाईला आत बोलावलं. शिलाईवालीबरोबर तिची सासूही पडद्याआड आली होती. तिने ते ऐकलं, आणि सासूने ऐकलेलं एका माणसापाशी कधी राहत नसे.

पुढे जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांची मुलगी दवाखान्यात बसू लागली. लहानपणी हिचं नाक सिस्टरनेच पुसलेलं. म्हणून पेशंटसमोर ती 'मॅडम' आणि एरवी 'बेबी'. डॉक्टरीणबाई तिला मावशी म्हणत. एका सकाळी त्यांनी कागदांचा गठ्ठा आणून मधल्या खोलीत ठेवला.

"मावशी, एक पाहणी करायची आहे. रोज येणाऱ्या पेशंटना संततिनियमनाचं किती माहीत आहे, आणि माहीत असलेलं ते कितपत वापरतात."

"सर्दी झालेल्या माणसाला हे विचारायचं?"

"सर्दी झालेल्यालाच. एरवी त्याला हे विचारतं कोण? अठरा ते पन्नास, बाई असो की पुरुष. दीडशे जण. आणि नाव लिहायचं नाही."

"नाव नाही लिहिलं तरी मला कळणारच कोण ते."

"तुम्हाला कळू दे. कागदाला कळायला नको."

सिस्टर कामाला लागली. पहिल्या दिवशी चार जण प्रश्न ऐकताच "येतो जरा" म्हणून गेले ते गेलेच. दुसऱ्या दिवशी तिने युक्ती काढली. आधी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा, हवा भरायची, मग प्रश्न विचारायचा. पट्टा बांधलेला माणूस पळत नाही. आठवड्याने डॉक्टरीणबाई काळजीत पडल्या.

"मावशी, हल्ली सगळ्यांचाच रक्तदाब वाढलेला कसा?"

सिस्टरने दुसऱ्या दिवसापासून आधी आकडा लिहायला आणि मग प्रश्न विचारायला सुरुवात केली.

उत्तरं मात्र एकेक ऐकण्यासारखी होती. शाळेतल्या एका बाईंनी सगळी साधनं फळ्यावर लिहिल्यासारखी क्रमवार सांगितली, प्रत्येकाचे फायदे-तोटे सांगितले. "आणि तुम्ही काय वापरता?" या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "आम्ही नशिबावर सोडलंय." बेकरीवाला म्हणाला, "ते बायकोला विचारा, मला भट्टीचं कळतं." एका ट्रक ड्रायव्हरची बायको नवरा येणार असेल त्याच दिवशी सकाळी गोळी घ्यायची, तो नसताना उगाच कशाला वाया घालवायची, हा तिचा हिशेब. आणि एक नवीन लग्न झालेली म्हणाली, "आम्ही दिवस वाटून घेतलेत. एक दिवस मी घेते, एक दिवस हे."

"हे म्हणजे तुझा नवरा गोळी खातो?"

"खातात की. मी समोर उभी राहते. सगळं माझ्याच डोक्यावर का म्हणून?"

सिस्टरला भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर नीट करावं लागलं. हसू आवरल्यावर तिने प्रत्येकीला तिथल्या तिथं नीट समजावलं. गुडघे दाखवायला आलेल्या अडुसष्ट वर्षांच्या आजी तर रुसूनच बसल्या. "मला का नाही विचारलं?"

"आजी, तुमचं वय बसत नाही त्यात."

"वापरायचं नसेल बसत. माहितीचं तरी बसतंय ना?"

त्यांचा कागद सिस्टरने वेगळा भरून ठेवला. त्यांना बरंच माहीत होतं.

दीडशे कागद भरले. मग एका दुपारी, पेशंट गेल्यावर, डॉक्टरीणबाई टेबलावर कागदांचे ढीग लावून बसल्या होत्या. तारीख होती वीस. सिस्टर चहाचे दोन पेले घेऊन आत आली.

"मावशी, एक गंमत बघा. माणसं किती तऱ्हांनी चुकतात. प्रत्येकाची चूक वेगळी, आपापल्या डोक्याने केलेली. पण आपल्याकडे तेवीस जणी गोळ्या घेतात, आणि त्यांतल्या एकोणीस जणींची चूक एकच आहे. शब्दाला शब्द. पाकीट संपल्यावर दुसरं कधी सुरू करता, तर म्हणे पहिल्या तारखेला. असं कसं होईल?"

"होईल कसं म्हणजे?" सिस्टर पेला ठेवत अभिमानाने म्हणाली. "मीच शिकवलंय."

डॉक्टरीणबाई उठल्या, मधल्या खोलीतलं कॅलेंडर काढून आणलं आणि टेबलावर पसरलं.

"पाकिटात गोळ्या किती?"

"अठ्ठावीस."

"आणि महिन्याचे दिवस?"

"तीस." सिस्टर थांबली. "नाहीतर एकतीस."

"मग मधले दोन-तीन दिवस?"

"विश्रांती," सिस्टर म्हणाली, पण तोवर तिचा आवाज उतरला होता.

डॉक्टरीणबाईंनी सावकाश सांगितलं. पाकिटातल्या शेवटच्या सात रंगीत गोळ्या म्हणजे नुसतं लोह, रोजची सवय मोडू नये म्हणून. शरीराला विश्रांती त्या सात दिवसांतच मिळून जाते. त्यावर आणखी तीन दिवस थांबलं की दहा होतात. सात दिवस शरीर वाट बघतं, दहा दिवस बघेलच असं नाही. म्हणून एक पाकीट संपलं की लगेच दुसऱ्या दिवशी नवं, मग तारीख कोणतीही असो. वर्षाला बारा नाही, तेरा पाकिटं लागतात.

सिस्टरने मनातल्या मनात अठ्ठावीस गुणिले तेरा केलं. उत्तर बरोबर आलं.

"फेब्रुवारीत तुमचा नियम अगदी चोख आहे," वातावरण हलकं करायला डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"चार वर्षांतून एकदा तिथंही चुकतो," सिस्टर म्हणाली आणि खुर्चीत बसली. पेशंटच्या खुर्चीत ती कधी बसत नसे. "बेबी, ज्यांना दिवस राहिले त्यांना मी तोंडावर सांगितलं, विसरली असशील म्हणून. त्या विसरल्या नव्हत्या. मी सांगितलं तसंच करत होत्या."

"काही जणी खरंच विसरल्याही असतील."

"असतील. पण मी एकीचंही ऐकून घेतलं नाही."

चहा तसाच राहिला. डॉक्टरीणबाई कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाल्या, "मावशी, अठ्ठावीसला सगळ्यांची पाकिटं संपतात. एकोणतीसला नवं सुरू व्हायला हवं. त्याआधी एकोणीस जणींना गाठायला हवं. कागदावर नावं नाहीत. मला कुणी ओळखता येणार नाही."

"मला येतील," सिस्टर म्हणाली.

तिचा नवरा बस डेपोत टाइमकीपर होता. जेवताना तिने त्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो आधी घास हातात धरून ऐकत राहिला आणि मग हसायला लागला.

"तुम्ही हसताय."

"हसू नको तर काय करू? तुझी एक चूक सापडावी म्हणून मी तीस वर्षं टपून बसलोय, आणि ती शोधली दुसऱ्याच कुणीतरी." मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आता काय करणार?"

"सांगणार एकेकीला. माझं चुकलं म्हणून."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग आधी जेव. रिकाम्या पोटी चूक कबूल करू नये, माणूस जास्तच कबूल करतो."

पहिल्या बाईला सांगताना सिस्टर दोनदा अडखळली. पाचवीपर्यंत जिभेला वळण पडलं. "ऐक, माझं चुकलं. पहिली तारीख विसर." मग नवं पाकीट हातात द्यायचं, त्यावर जाड पेनाने सुरू करायचा वार आणि तारीख लिहायची, आणि बाईकडून ती दोनदा म्हणून घ्यायची. ज्यांना आपल्या पाळीची शंका होती त्यांना ती डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या आणि सगळ्या निर्धास्त होऊन बाहेर आल्या. न्हाव्याची बायको तर सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे सिस्टर, तुम्हीही चुकता? बरं वाटलं बघा. मला वाटायचं, मी एकटीच."

सहा दिवसांत एकोणीस झाल्या. सिस्टरने वहीतल्या नावांवर एकेक बरोबरची खूण केली आणि वही मिटली. कुणीही तिला आणखी काही करायला सांगितलं नव्हतं. शिलाईवाली आता गोळ्या घेत नव्हती. तिसऱ्या बाळंतपणानंतर तिने तांबी बसवून घेतली होती. तिला नव्या पाकिटाची गरज नव्हती, तारखेची नव्हती, सिस्टरची तर मुळीच नव्हती. तिला न सांगता राहिलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. रविवारी सकाळी सिस्टर चपला घालून तिच्या घराकडे निघाली.

चार मजली इमारत, अरुंद जिना. शिलाईवाली पहिल्या मजल्यावर. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, दोरीवर टाचण्या लावलेले अर्धवट कपडे, जमिनीवर चिंध्या, आणि त्यांत बसून बटणांचे रंगाप्रमाणे ढीग लावणारी चार वर्षांची मुलगी. तिला बघून सिस्टर उंबऱ्यातच थबकली.

"सिस्टर? या ना. काही शिवायचंय का?"

"शिवायचं नाही. सांगायचंय."

सिस्टरने उभ्यानेच सांगितलं. अठ्ठावीस, एकतीस, सात, दहा. पाठ झाल्यासारखं झालं होतं आता. शेवटी म्हणाली, "तू तेव्हा म्हणालीस विसरले नाही. तू खरं बोलत होतीस. मी ऐकलं नाही."

शिलाईवालीने मशीनच्या चाकावर हात ठेवला तो तसाच राहिला. सिस्टरला वाटलं, आता रडेल किंवा चार शब्द सुनावेल. दोन्हीची तिने तयारी ठेवली होती. पण शिलाईवालीच्या तोंडावर हळूहळू हसू पसरत गेलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणजे सुरुवातीला माहीत होतं. मग सगळ्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मलाच वाटायला लागलं, विसरले असेन. सिस्टर, या भागातल्या चाळीस घरांची मापं मी तोंडपाठ ठेवायची. खांदा, छाती, उंची, सगळं. त्यानंतर गिऱ्हाइकं म्हणायला लागली, लिहून घ्या हो, तुम्ही विसरता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर कपडे टाकणंच बंद केलं. म्हणाल्या, जिला तेवढं लक्षात राहिलं नाही तिला बाहीचं काय राहणार."

"त्यांना कुणी सांगितलं?"

शिलाईवालीने आतल्या खोलीकडे नुसती मान वळवली. आतून खोकल्याचा आवाज आला.

"मला सांगून भागायचं नाही, सिस्टर. हेच सगळं आईंना सांगा. माझ्यासमोर."

सासू बाहेर आली. काठी टेकत, पण डोळे टक्क उघडे. खुर्चीत बसली, नातीला हाताने जवळ ओढून घेतलं आणि म्हणाली, "बोला. अर्धं ऐकलंय, उरलेलं सांगा."

सिस्टरने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी सासूने विचारलं, "म्हणजे चूक तुमची?"

"माझी."

"तुमच्या चुकीने ही झाली?" तिने नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"हो, आजी."

"मग सिस्टरबाई, उपकारच झाले की. पहिले दोघे मला विचारत नाहीत. दिवसभर माझ्याशी बोलतं ते हे एकटंच. चहा टाक गं यांना."

आपण बोलणी खायला आलो आणि चहा मिळतोय, हे सिस्टरच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. शिलाईवाली मात्र जागची हलली नाही.

"आई, चहा टाकते. पण मुद्दा तो नाही."

"मग मुद्दा काय?"

"मुद्दा हा की मी विसरले नव्हते."

सासूने नातीच्या डोक्यावरचा हात काढून घेतला.

"विसरली नव्हतीस," सासू म्हणाली.

"नाही."

"मी जिन्यात सगळ्यांना सांगितलं होतं."

"हो."

"तिसऱ्या मजल्यावर पण."

"तिथं दोनदा."

सासूने काठी जमिनीवर टेकवली. "माझ्या वेळेला गोळ्या नव्हत्या," ती म्हणाली. "बोटांवर दिवस मोजायचे. तुझ्या नवऱ्याच्या वेळेस माझी सासू म्हणाली, हिला धड मोजताही येत नाही. चांगलं येत होतं मला मोजता." ती उठली आणि चपला शोधू लागली.

"आई, कुठे निघालात?"

"जिथं जिथं सांगितलं होतं तिथं. चला सिस्टरबाई, तुम्हीही चला. माझ्या एकटीवर कोण विश्वास ठेवेल? म्हणतील, म्हातारीचं डोकं फिरलं, सुनेची बाजू घेतेय."

"आजी, या सगळ्या खासगी गोष्टी," सिस्टर म्हणाली आणि शिलाईवालीकडे पाहिलं. "जिच्या आहेत तिची हरकत नसेल तरच."

"विसरले हे सांगताना मला कुणी विचारलं नव्हतं," शिलाईवाली म्हणाली. "आता विचारताय तर सांगते. जा."

आणि मग त्या जिन्याने सिस्टरला कधी नव्हे ते पाहिलं. सासू पुढे, सिस्टर मागे. सासूने पहिल्या मजल्यावरची उरलेली दोन्ही दारं वाजवली. "आमची सून विसरली नव्हती. चूक दवाखान्याची. ह्या बघा सिस्टर, ह्यांनाच विचारा." पहिल्या दाराशी सिस्टर पुटपुटली. दुसऱ्या दाराशी तिने अठ्ठावीस आणि एकतीस समजावून सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मागून चार बायका येऊन मिळाल्या होत्या, आणि प्रत्येकीला काहीतरी विचारायचं होतं. एक म्हणाली, "मग एखाद्या दिवशी गोळी राहिलीच तर?" सिस्टरने सांगितलं, आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, पुढची नेहमीच्या वेळेला, आणि एकाहून जास्त राहिल्या तर दवाखान्यात यायचं. दुसरीने विचारलं, "आणि तांबी टोचते म्हणतात ते?" सिस्टर म्हणाली, "पहिल्या मजल्यावर जाऊन विचार, तिला चार वर्षांत टोचली का." खालून शिलाईवालीने उत्तर दिलं, "नवरा जास्त टोचतो." जिना हसण्याने भरून गेला. वरच्या मजल्यावरचा एक पुरुष दार उघडून बाहेर आला, विषय कळताच आत गेला आणि कडी लावली.

तिसऱ्या मजल्यावर सासूने दार काठीनेच वाजवलं. दार उघडणाऱ्या बाईंनी आधी सासूकडे, मग सिस्टरकडे, मग मागच्या घोळक्याकडे पाहिलं.

"तुम्हाला मी दोनदा सांगितलं होतं," सासू म्हणाली. "तेव्हा आता दोनदा सांगते. आमची सून विसरली नव्हती. आमची सून विसरली नव्हती."

"खरंय," सिस्टर स्वच्छ आवाजात म्हणाली. आतून पेशंटला हाक मारायचा तोच आवाज, इमारतभर गेलेला. "तिने एकही गोळी चुकवली नाही. चुकले मी."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पदराने हात पुसले, जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिलं आणि जरा चाचरत हाक मारली.

"अहो, ऐकलंत का? आमच्या मुलीचा एक फ्रॉक होता शिवायचा. शुक्रवारपर्यंत होईल?"

खाली मशीन सुरू झालं होतं. ते थांबलं. शिलाईवालीचा आवाज आला, कामाच्या माणसाचा, जरासा ताठ.

"शुक्रवारी नाही जमणार. हातात काम आहे. सोमवारी टाका, बघते."

"ऐकलंत ना, सोमवारी," सासू म्हणाली, आणि काठी टेकत चौथ्या मजल्याकडे निघाली.